मांजराचं लिटर घरभर पसरतंय: ट्रे बदलू, दाणा बदलू की मॅट घेऊ?

शेवंता
घरात दोन मांजरं आहेत. एक मोठा, लांब केसांचा बोका आणि एक आखूड केसांची मांजरी. दोघांत मिळून एकच उघडा ट्रे, कडा १२ सेंमी उंच. लिटर (शी-शूसाठी ट्रेत भरतात ते दाणे) बारीक दाण्याचं बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची माती, शू पडली की गोळे होणारं. ट्रेसमोर साधं पायपुसणं टाकलंय. तरी दाणे पार पलंगाखाली सापडतात, ट्रेभोवती चारही बाजूंना सडा असतो आणि नवीन लिटर ओतताना धूळ उडते. बोक्याची शू अधूनमधून कडेवरून बाहेर जाते. नेमकं काय बदलावं आणि आधी काय करावं?

पायवाट
यात चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चारांची कारणंही वेगळी आहेत. ट्रेभोवतीचा सडा म्हणजे उकरताना उडालेले दाणे. पलंगाखालचे दाणे पंजांना चिकटून गेलेले. धूळ लिटरच्या जातीमुळे आणि ओतण्याच्या पद्धतीमुळे. बाहेर जाणारी शू ट्रे बुटका असल्यामुळे. मॅट यांतल्या फक्त दुसऱ्या तक्रारीवर चालते, म्हणून ती सगळ्यात शेवटी घ्या. सुरुवात ट्रेपासून.

बोका नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा. ट्रेची लांबी त्याच्या दीडपट हवी. ४५ सेंमी भरला तर ६५ ते ७० सेंमीचा ट्रे. लहान ट्रेमध्ये मांजराला वळता येत नाही. मग ते पुढचे पाय कडेवर ठेवून बसतं, मागचा भाग बाहेर झुकतो आणि उकरलेलं सगळं कडेपलीकडे पडतं. तीन बाजूंच्या भिंती २५ ते ३० सेंमी उंच हव्यात. काही बोके जवळजवळ उभ्यानेच शू करतात, त्यांना ३५ सेंमीसुद्धा जास्त नाही.

दुसरं म्हणजे दोन मांजरांना एक ट्रे कमीच पडतो. मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त, हा नियम पाळता आला तर उत्तम. जागा नसेल तर निदान दोन ठेवा, पण शेजारी-शेजारी नकोत. लागून ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच.

कातरकाम
एवढ्या मापाचा तयार ट्रे मिळाला नाही तर सामान ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा कापून घ्या. डबा पॉलिप्रॉपिलीनचा हवा. तळाशी त्रिकोणात ५ आकडा आणि पीपी अशी खूण असते. कडक, पारदर्शक, टिचकी मारल्यावर खणखणणारं प्लास्टिक कापताना तडकतं.

दार लांब बाजूला, एका कोपऱ्याजवळ कापा. आखूड बाजूच्या मधोमध दार ठेवलं तर उडालेलं लिटर सरळ दारातून बाहेर येतं. दाराची रुंदी २० ते २५ सेंमी, उंबरा जमिनीपासून १५ सेंमी. आत ६ सेंमी लिटर असेल तर वर ९ सेंमी अडसर उरतो. पिल्लू किंवा सांधे दुखणारं म्हातारं मांजर असेल तर उंबरा १० सेंमीच्या वर नको.

आधी खालच्या दोन कोपऱ्यांवर १० मिमीची भोकं पाडा, मग त्या भोकांपर्यंत पातीने कापत या. काटकोनी कोपरा ठेवलात तर मांजराच्या उड्यांनी तिथूनच चीर जाते, गोल कोपऱ्यात ताण वाटला जातो. कडा आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि वरून उभी चिरलेली रबरी नळी चढवा. झाकण लावू नका. वास आत कोंडतो आणि बरीच मांजरं अशा डब्यात जायचं टाळतात.

वरून उडी मारून आत जायचे डबे मिळतात. त्यांत सडा खरोखर कमी होतो, कारण बाहेर येताना पंजे जाळीदार झाकणावर पुसले जातात. पण जड किंवा वयस्कर मांजराला ते नकोत. शिवाय घरात दोन मांजरं असतील तर आतलं मांजर कोंडीत सापडतं.

रेतीचा_कण
आता दाण्याकडे वळू. बेंटोनाइट ओलं झालं की फुगतं आणि चिकट होतं, म्हणूनच त्याचे गोळे होतात. ओलसर पंजालाही ते त्याच कारणाने चिकटतं. दाणा जितका बारीक तितका तो बोटांच्या फटीत जास्त बसतो. बेंटोनाइटच ठेवायचं असेल तर मध्यम दाण्याचं, कमी धुळीचं, बिनवासाचं घ्या. सुगंधी लिटर माणसाला बरं वाटतं, पण मांजराचं नाक फार तिखट, त्याला तो वास नकोसा होतो.

लाकडाच्या भुशाच्या गोळ्या सगळ्यात कमी पसरतात, कारण त्या जड आणि जाड असतात. शू पडली की गोळी फुटून भुसा होतो, म्हणून चाळणीचा दुहेरी ट्रे लागतो. गोळ्या वर राहतात, भुसा खाली गळतो. थर २ ते ३ सेंमी पुरे. अडचण अशी, की खालचा भुसा रोज टाकला नाही तर अमोनियाचा वास सुटतो आणि तोच भुसा पंजांना लागून घरभर जातो. मऊ पंजांच्या मांजरांना गोळ्या टोचतात, काही थेट नकार देतात.

टोफू लिटर, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचं, या दोन्हींच्या मधलं आहे. बारीक शेवेच्या तुकड्यांसारखे दाणे, धूळ कमी, गोळे बेंटोनाइटपेक्षा मऊ. दमट हवेत त्याला बुरशी धरू शकते, म्हणून उघडलेली पिशवी घट्ट डब्यात ठेवा. सिलिकाचे खडे शू शोषतात पण गोळे होत नाहीत. रोज ढवळावे लागतात आणि गोल खडे फरशीवर लांबवर घरंगळतात.

तुमच्यासाठी मी टोफू किंवा मध्यम दाण्याचं बेंटोनाइट म्हणेन. थर ६ ते ७ सेंमी. कमी थरात शू तळाला चिकटून चिखल होतो, तोच पंजांना लागतो. त्याहून जास्त थर म्हणजे उडवायला जास्त माल.

शेवंता
सगळ्यांचे आभार. टोफू आणून एकदम बदललं तर चालेल का? आणि बोक्याच्या पंजांत बोटांमधून केसांचे झुबके आलेत, ते कापायचे का?

पायवाट
एकदम मुळीच बदलू नका. मांजराला पायाखालचा स्पर्श ओळखीचा लागतो, तो अचानक गेला तर ते गादी किंवा कपड्यांचा ढीग शोधतं. आणि तेव्हा जो त्रास होतो त्यापुढे सांडलेलं लिटर काहीच नाही. पाव भाग नवीन, पाऊण जुनं असं सुरू करा. दोन-तीन दिवसांनी निम्मं-निम्मं, मग पाऊण नवीन. आठ-दहा दिवसांत बदल पूर्ण होतो. कुठल्याही टप्प्यावर मांजर कडेवर उभं राहून विचार करू लागलं तर एक टप्पा मागे या. दोन ट्रे केलेत तर आणखी सोपं, एकात जुनं तसंच राहू द्या. आणि नवा ट्रे व नवं लिटर एकाच वेळी आणू नका. आधी ट्रे.

झुबके कापायचे, पण फक्त पंजाच्या गादीच्या पातळीपर्यंत. बोथट टोकाची लहान कात्री किंवा बारीक ट्रिमर वापरा. पंजा हलकेच दाबून बोटं पसरवा, बाहेर आलेले केसच कापा, फटीत कात्री घालू नका. तिथली कातडी पातळ असते. एका बैठकीत एकच पंजा झाला तरी पुष्कळ. लांब केसांच्या बोक्याला याचा फरक मॅटपेक्षा जास्त पडतो.

कातरकाम
मॅट घेताना दुहेरी थराची, मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं असलेली घ्या. दाणे वरच्या भोकांतून मधल्या कप्प्यात पडतात, मॅट उघडून ते परत ट्रेत ओतता येतात. वापरलेल्या लिटरचा ओला तुकडा दिसला तर तो मात्र फेका. माप निदान ६० बाय ९० सेंमी. मांजराची दोन-तीन पावलं मॅटवर पडली पाहिजेत, छोटं पायपुसणं ते एका झेपेत ओलांडतं. ट्रेचं दार खोलीकडे न ठेवता भिंतीकडे वळवा, मधे ४० सेंमीची गल्ली सोडा आणि ती पूर्ण मॅटने झाका. मांजराला वळून चालत बाहेर यावं लागतं, त्यात पंजे झटकले जातात. गल्ली याहून अरुंद नको, दोन मांजरांच्या घरात एक दुसऱ्याची वाट अडवतं.

फडकं_आणि_झाडू
साफसफाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

सांडलेल्या बेंटोनाइटवर ओलं फडकं कधीच आधी फिरवू नका. त्याचा निसरडा लगदा होतो आणि फरशीच्या सांध्यांत बसतो. आधी कोरडं झाडा, मग पुसा. व्हॅक्यूम वापरत असाल तर पिशवीचा आणि चांगल्या फिल्टरचा. बारीक मातीने फिल्टर लवकर चोंदतो आणि मागून धूळ परत खोलीत येते.

ओतताना पिशवीचं तोंड ट्रेच्या तळाला टेकवा आणि पिशवी हळूहळू वर घ्या. उंचावरून ओतलं की धूळ उडणारच.

गोळे दिवसातून दोनदा काढा. भरलेल्या ट्रेमध्ये मांजर कोरडी जागा शोधत जास्त उकरतं, म्हणून सडाही वाढतो. शिवाय टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला १ ते ५ दिवस घेतो, त्यामुळे रोजची सफाई हेच संरक्षण. गरोदर बाईने हे काम दुसऱ्याकडे द्यावं, इलाजच नसेल तर हातमोजे घालून करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत. गोळे संडासात टाकू नका, बेंटोनाइट पाइपात फुगून बसतं.

पूर्ण ट्रे दोन ते चार आठवड्यांनी रिकामा करून गरम पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. ओल्या ट्रेत लिटर घातलं तर तळाला थर बसतो. ब्लीच नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. फिनाइलही नको, फिनॉल मांजरांना घातक आहे. जमिनीवर सांडलेल्या शूसाठी एन्झाइमचा क्लीनर घ्या. नुसत्या साबणाने माणसाला वास जातो, मांजराला जात नाही आणि ते पुन्हा तिथेच बसतं.

पायवाट
शेवंता, एक राहिलं. बोक्याची शू कडेवरून जाते ती नेहमीसारखी भरपूर आहे ना, हे पाहा. उंच ट्रे दिल्यावर ती थांबली तर प्रश्न मिटला. पण तो वारंवार ट्रेत जाऊन जोर करत असेल, थेंब-थेंब किंवा काहीच येत नसेल, ओरडत असेल, सारखा तिथे चाटत असेल तर ट्रे, दाणा सगळं बाजूला ठेवा आणि त्याच वेळी डॉक्टरकडे न्या. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

शेवंता
शू भरपूर असते आणि जोरही करत नाही, फक्त उभा राहतो. मग आधी ७० सेंमीचा डबा कापते, जुनं लिटर तसंच ठेवून. झुबके याच आठवड्यात. टोफू त्यानंतर. जुना ट्रे मांजरीसाठी दुसऱ्या खोलीत ठेवला तर १२ सेंमीची कड तिला पुरेल ना?

कातरकाम
ती खाली बसून शू करत असेल आणि ट्रे तिच्या दीडपट लांब असेल तर पुरेल. मागच्या भिंतीशी आणि एका बाजूला प्लास्टिकचा पत्रा आतून उभा करा, म्हणजे उकरलेलं अडेल. पत्र्याचं खालचं टोक ट्रेच्या आतच राहू द्या. बाहेरून लावलात तर ओघळ फटीतून जमिनीवर येईल.