शब्दचर्चा : कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतली ‘भूल’, आणि ‘नस’, ‘पेशी’, ‘परिणाम’

विचारणा (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या महिला मंडळासाठी स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेवर छोटी पुस्तिका लिहायला घेतली आहे. एका प्रश्नापाशी अडले आहे. ‘कोणती भूल दिली यावर कॅन्सर परत येणं अवलंबून असतं का?’ असं बायका विचारतात. कुणीतरी मोबाईलवर काहीबाही वाचलेलं असतं. उत्तर लिहायला बसले की शब्दच गोंधळ घालतात. ‘भूल’ लिहू, ‘बधिरीकरण’ लिहू की ‘संवेदनाहरण’? आणि ‘पेशी’ म्हटलं की आमच्याकडे डेंगी आठवतो. डेंगीच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ हे घरोघरी ऐकू येतं. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर (शिवाजी पेठ)

‘भूल’च ठेवा. रानात वाट चुकली तर ‘भूल पडली’ म्हणतात, एखाद्या गोष्टीनं मन ओढून घेतलं तर तिनं ‘भूल घातली’ म्हणतात, आणि दवाखान्यात ‘भूल देतात’. तिन्हीकडे भान सुटणं हाच मूळ अर्थ आहे. ‘पडणे’, ‘घालणे’, ‘देणे’ ही क्रियापदं बदलली की अर्थ आपोआप वेगळा होतो, त्यामुळे चूक या अर्थाच्या ‘भूल’शी गल्लत होत नाही. ‘भूलतज्ज्ञ’ हा शब्द तर दवाखान्यांच्या पाट्यांवर रुळलेला आहे. ‘संवेदनाहरण’ कोशात शोभतो, पण सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात बसलेल्या माउलीला तो सांगून काय उपयोग?

‘पेशी’बद्दल. हा शब्द जुना आहे, आणि आयुर्वेदात तो मांसाच्या संदर्भात येतो. ‘मांसपेशी’ आपण आजही म्हणतो. शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक हा अर्थ त्याला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकानं दिला. हिंदीत त्यासाठी ‘कोशिका’ आहे. डेंगीत ज्या मोजतात त्या प्लेटलेट्स, मराठीत बिंबाणू. तुम्ही पहिल्यांदा ‘कॅन्सरच्या पेशी’ असं पूर्ण लिहा आणि पुढेही ‘कॅन्सरच्या’ गाळू नका, म्हणजे गोंधळ होणार नाही.

उत्तर (भूलतज्ज्ञ, कोल्हापूर)

ताई, मी रोज भूल देते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. माझ्या मते ‘भूल’ या शब्दापेक्षा तो एकटा वापरण्यात जास्त अडचण आहे. तुमच्या प्रश्नात निदान तीन वेगळ्या गोष्टी त्याखाली झाकल्या जातात.

पहिली, श्वासावाटे दिलेली भूल. सेवोफ्लुरेनसारखं औषध वाफेच्या रूपात फुप्फुसांतून जातं. दुसरी, शिरेतून दिलेली भूल. यात प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध सतत सोडत राहतात. या दोन्हींत माणूस बेशुद्ध असतो. तिसरी म्हणजे भाग बधिर करणं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत मणक्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन छातीच्या त्या भागातल्या संवेदना थांबवता येतात. एकट्या त्यावर माणूस झोपत नाही, पण वेदनेची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही.

इथे ‘नस’ हा शब्द मात्र कटाक्षानं टाळा. आपल्याकडे सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात आणि पाय दुखला तर ‘नस दबली’ म्हणतात. पहिली रक्तवाहिनी, दुसरा मज्जातंतू. ‘नसेतून भूल’ आणि ‘नस बधिर करणं’ एकाच परिच्छेदात आलं तर वाचणारीला दोन्ही एकच वाटेल, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या फरकात आहे. एकीला ‘शीर’ म्हणा, दुसरीला ‘मज्जातंतू’.

आता मूळ शंका कुठून आली ते सांगते. गाठ काढताना ती हाताळावी लागते, त्यात कॅन्सरच्या काही पेशी रक्तात सुटू शकतात. शस्त्रक्रियेच्या ताणानं कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि अशा पेशींना टिपणाऱ्या, शरीराच्या स्वतःच्या मारक पेशी काही काळ मंदावतात. या नाजूक काळात आम्ही देतो ते औषध कुणाच्या बाजूनं काम करतं, असा हा प्रश्न. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या काही कॅन्सर पेशी वाफेच्या औषधांनी जास्त तगड्या झालेल्या दिसल्या, तर प्रोपोफॉलनं उलट घडताना दिसलं. मॉर्फीनच्या जातीची वेदनाशामक औषधं मारक पेशींना दाबतात अशीही शंका होती. भाग बधिर केला तर ताणही कमी आणि मॉर्फीनही कमी, म्हणून त्याच्याकडून मोठी आशा होती. २००६ मध्ये जुन्या नोंदी चाळून केलेल्या एका छोट्या अभ्यासानं ती आणखी वाढवली.

मग खरी परीक्षा झाली. ८ देशांतल्या १३ रुग्णालयांत स्तनाच्या कॅन्सरच्या २,१०८ स्त्रियांचा अभ्यास झाला. कोणाला कोणती भूल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. एका गटात मणक्याच्या बाजूचं इंजेक्शन आणि प्रोपोफॉल, दुसऱ्यात सेवोफ्लुरेन आणि मॉर्फीनच्या जातीची औषधं. निकाल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सुमारे १० टक्के होतं. फरक नव्हता.

उत्तर (कागल)

आमच्याकडं भुलीपेक्षा सुरीचं भ्या जास्त. ‘गाठीला हत्यार लागलं की ती चवताळती’ असं जुनी माणसं सांगतात. माझ्या चुलतीनं त्याच भ्यानं गाठ अंगावर काढली, आणि डॉक्टरांकडं गेली तवर उशीर झाला होता. आता त्यात ‘भुलीनं पण पसरतं’ हे घुसलं तर बाया ऑपरेशनला तयारच व्हायच्या न्हाईत. ताई, ‘चवताळणं’ आणि ‘उलटणं’ हे दोन शब्द तुमच्या पुस्तिकेत जरूर घ्या. ‘पुनरुद्भव’ कुणाला कळणार? ‘आजार उलटला’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

पुन्हा भूलतज्ज्ञ

तुमच्या चुलतींचं वाचून फार वाईट वाटलं, दादा. ‘उलटणं’ मी बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकते, पुस्तिकेत तोच असावा. आणि त्याच पानावर ठळकपणे लिहा, की भुलीच्या भीतीनं शस्त्रक्रिया पुढे ढकलणं हा खरा धोका आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्या मुंबईतली आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांत १,५८३ स्त्रियांवर अभ्यास झाला. अर्ध्या जणींना गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं. दात काढताना हिरडीत देतात ते औषध. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ ऐवजी ८६.६ टक्के झालं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यामागचा विचार असा, की कॅन्सरच्या पेशींना आजूबाजूला घुसायला मदत करणारी, पेशीत सोडियम आत सोडणारी दारं लिडोकेन बंद करतं. पण शब्द जपून वापरा. या सगळ्या जणींना भूल वेगळी दिलेली होतीच. इथलं लिडोकेन बधिर करण्यासाठी दिलेलं नव्हतं. त्याला ‘भुलीचं इंजेक्शन’ लिहिलंत तर वाचणारी म्हणेल, ‘एकदा भुलीनं फरक पडत नाही म्हणता, एकदा पडतो म्हणता.’ ‘गाठीभोवती दिलेलं लिडोकेन’ एवढंच लिहा.

विचारणारी (राजारामपुरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहिलं आहे, तपासून द्याल का?

‘भूल श्वासावाटे देतात किंवा शिरेतून देतात, सोबत शरीराचा एखादा भाग बधिरही करतात. यांतल्या काही औषधांचा कॅन्सरच्या पेशींवर परिणाम होतो. पण स्तनाच्या कॅन्सरच्या मोठ्या अभ्यासात भुलीच्या प्रकारामुळे आजार उलटण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणून भूल कोणती हे तुमचं हृदय, फुप्फुसं, मळमळीचा त्रास आणि वेदना पाहून भूलतज्ज्ञ ठरवतात.’

पुन्हा भूलतज्ज्ञ

छान झालंय. फक्त दुसरं वाक्य बदला. ‘परिणाम होतो’ म्हटलं की आपल्या कानाला ते वाईटच ऐकू येतं आणि ते माणसाच्या अंगात घडतं असंही वाटतं. ‘यांतल्या काही औषधांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींमध्ये बदल झालेले दिसले’ असं करा. बाकी मजकूर तसाच छापायला द्या.