मदत हवी आहे: बाबांच्या पोटातल्या गाठीची सुईने बायोप्सी, करू द्यावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा ६३ वर्षांचे, दोन महिने झाले जेवण तुटलंय, संध्याकाळी अंगात कणकण, पँट तर कमरेवर राहत नाही. बेळगावात सोनोग्राफी मग सीटी झालं, पोटात मागच्या बाजूला लिम्फ नोडचा, म्हणजे लसिका ग्रंथींचा, गोळा झालाय म्हणे. डॉक्टर म्हणतात टीबी पण असेल, लिम्फोमा म्हणजे त्या ग्रंथींचा कॅन्सर पण असेल, फोटोवरून कळत नाही, सीटीत बघत बघत सुई घालून तुकडा काढू.

आता घरात रोज भांडण. निपाणीचे मामा येऊन बसलेत, सुई टोचली की गाठ खवळते, मिरजेला न्या आणि उघडून काढूनच टाका म्हणून. त्यात फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, बाबांना कन्नड येतं ते बाजारापुरतं, सही करायला तयार नाहीत. शिवाय हृदयात स्टेंट असल्यामुळे क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, ती बंद करायची का? कुणाच्या घरी झालंय का हे?

प्रतिसाद १:
दादा, आमच्या आईचं झालंय, आम्ही चिकोडीकडचे. पूर्ण भूल नसते, जागेपुरतं इंजेक्शन देतात, श्वास धरा म्हणतात आणि स्टेपलरसारखा टक्क आवाज येतो बगा, आई त्या आवाजालाच जास्त भ्याली. नंतर काही तास झोपवून बीपी बघत राहतात, कारण खरा धोका रक्तस्रावाचा. म्हणूनच आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासण्या करतात. गोळी साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट आहे तर हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवस पण चुकवू नका.

मामांचं अगदीच खोटं नाही, काही कॅन्सरात सुईच्या वाटेवर पेशी पडतात, पण फार क्वचित. आणि लिम्फोमा निघाला तर मुख्य उपचार केमोच, तो गोळा कापून काढून भागत नाही, मग पोट उघडून काय मिळवायचं?

एक मात्र नक्की विचारा. आमचा तुकडा सगळा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) टाकला आणि त्यात जंतू मरतात, टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येईना, परत सुई. थोडा तुकडा सलाइनच्या बाटलीत जीनएक्स्पर्ट (टीबीची झटपट तपासणी) आणि कल्चरला वेगळा ठेवायला सांगा. बारीक सुईने नुसत्या पेशी येतात, लिम्फोमाचा प्रकार ठरवायला तुकडाच हवा, तेही बोलून घ्या. आणि तोवर भूक लागायच्या म्हणून कुठल्या गोळ्या नकोत, त्यात स्टेरॉइड असलं तर लिम्फोमा रिपोर्टात लपतो.

धागाकर्ता:
बापरे, भुकेच्या गोळ्या मामांनीच आणल्यात, आजच बंद करतो आणि पाकीट डॉक्टरांना दाखवतो. हार्टच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळालीय. तिथली एक सिस्टर मराठी बोलते, फॉर्म तिच्याकडूनच बाबांना वाचून घेतो. मामांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणतात, मग ती सलाइनची बाटली मीच धरून उभा राहतो की!