डॅनिश की चेक? मराठी माणसाला कुठली लवकर जमेल?

उत्तरायण
दोन्ही देशांत शिकायला-नोकरीला जाणारी मराठी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून धागा काढतोय. माझं मत: डॅनिश. अमेरिकी परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट डॅनिशसाठी साधारण 24 ते 30 आठवडे धरते, चेकसाठी 44. कारण उघड आहे. डॅनिश क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही: याय एर, दु एर, हान एर, वी एर. मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, सगळीकडे 'एर'. लिंगं दोनच, त्यातही बहुतेक नामं 'एन' गटातली. चेकमध्ये लिंगं तीन, विभक्त्या सात आणि नामं चालवायचे 14 नमुने. कशाला जीव काढायचा?

कापूसकोंड्या
अहो, ते 44 आठवडे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचे. विभक्ती कशाशी खातात इथपासून ज्यांची सुरुवात, त्यांचा हिशोब आपल्याला कशाला लावता?

चेकमध्ये कुत्रा म्हणजे 'पेस', पण कुत्रा दिसतो म्हणायचं तर 'विदीम प्सा'. मधला स्वर गळाला. आपल्या कापूस-कापसाला मध्ये तेच होतं. किल्ला दिसतो म्हणायचं तर मात्र 'विदीम ह्राद', नाम जसंच्या तसं. पुल्लिंगी एकवचनात सजीव कर्माचं रूप बदलतं, निर्जीवाचं नाही. आपणही 'कुत्र्याला पाहिलं' पण 'किल्ला पाहिला' म्हणतोच की! इंग्रजीभाषक इथे चांगलाच अडखळतो, आपल्याला नियम ऐकताक्षणी पटतो.

उच्चारांचंही तसंच. चुलीतला च आणि चहातला च यांना चेकमध्ये दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. प, त, क अल्पप्राण, ह आपल्यासारखाच घोष. आघात कायम पहिल्या अक्षरावर, दीर्घ स्वरावर खूण. म्हणजे पाटी वाचता येते. जीभ अडते ती एका 'र'वर, ज्यात र आणि झ एकदमच काढायचे असतात.

विभक्ती_नको
कापूसकोंड्या, अर्धंच सांगितलंत. मराठीत सामान्यरूप केलं की ला, ने, त, चा सगळ्या नामांना तेच. विशेषणाचं तर 'चांगल्या' केलं की काम संपलं. चेकमध्ये 'दोब्री क्लुक' म्हणजे चांगला मुलगा. चांगल्या मुलाला: दोब्रेमु क्लुकोवि. चांगल्या मुलाबरोबर: स दोब्रीम क्लुकेम. आता मुलगी घ्या, 'दोब्रा होल्का'. तिला: दोब्रे होल्त्से. तिच्याबरोबर: स दोब्रोउ होल्कोउ. नाम, विशेषण दोन्ही बदलले, लिंगागणिक वेगळे, आणि 'क'चा 'त्स' झाला तो निराळाच.

मोजायला लागा. एक बिअर 'येद्नो पिवो', दोन ते चारला 'पिवा', पाचपासून षष्ठीचं अनेकवचन 'पिव', आणि तिथून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. शिवाय क्रियापदांच्या जोड्या: 'प्सात' लिहीत असणे, 'नाप्सात' लिहून काढणे. 'नापीशु' हे वर्तमानकाळाचं रूप दिसतं, पण अर्थ 'लिहून काढीन'. हे सगळं घोकून प्रागला उतरलात की लोक पुस्तकातलं 'दोब्री' सोडून 'दोब्रेय' म्हणतात, खिडकीच्या 'ओक्नो'चं 'वोक्नो' करतात.

शब्दवेल्हाळ
चेकची भीती कागदावर दिसते तरी. डॅनिशची दिसतच नाही, कानाला कळते. शब्दाच्या शेवटचा ग बऱ्याचदा गायब, 'दिवस'चा उच्चार 'डे'च्या आसपास उरतो. स्वरानंतरचा द इतका मऊ की नवख्याला 'ल' ऐकू येतो. वर तो 'स्टोड', म्हणजे घशात बसणारा बारीक झटका. 'ती' आणि 'कुत्रा' या शब्दांत ऐकू येणारा फरक तेवढाच. 'आई' आणि 'खून' यांतही तेच. लिहिताना आईच्या शब्दाला शेवटी द जोडला की खून होतो, पण तो द कोणी उच्चारत नाही.

मराठी कानाला आणखी एक फास आहे. त्यांचा ब घोष नसतो, म्हणून 'गाडी'चा 'बील' आपल्याला 'पील' ऐकू येतो. त्यांचा प श्वास सोडत येतो. आपण ठसठशीत मराठी 'प' म्हटला की त्यांना ब वाटतो.

उत्तरायण
कान तयार होतो हो. सुरुवातीचे दोन महिने वाचन कमी ठेवायचं. 'डेन डान्स्के ओर्डबो' हा शब्दकोश नेटवर फुकट आहे, बहुतेक शब्दांना ध्वनिफीत आहे. आधी ऐका, म्हणा, मग स्पेलिंग बघा. उलट क्रमाने गेलात की प्रत्येक अक्षर उच्चारायची सवय लागते, ती नंतर सुटत नाही.

आकड्यांनी सगळे घाबरवतात, पण तिथे आपली चांदी आहे. 50 म्हणजे 'हालट्रेस', मुळात अडीच विसा. 70 साडेतीन विसा, 90 साडेचार विसा. दीडला स्वतंत्र शब्दही आहे. आणि 92 म्हणताना आधी दोन, मग नव्वद, अगदी ब्याण्णवसारखं. अडीचकी येणाऱ्याला हे कोण शिकवणार!

तिठा
वापर कुठे होणार ते बघा ना. कोपनहेगनमध्ये तुमची डॅनिश जरा अडखळली की समोरचा इंग्रजीवर येतो, सराव तिथेच मरतो. चेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लावसारख्या कारखान्याच्या गावात दुकानदार, घरमालक, सरकारी खिडकी, सगळं चेकमध्ये. गरजच शिकवते.

विभक्ती_नको
गरज शिकवते ती मोडकीतोडकी. शेवट चुकले तरी दुकानात भागतं, म्हणून ते कधी सुधारत नाहीत.

कापूसकोंड्या
चुकतात कारण लोक सातही विभक्त्यांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात पाठ करायला घेतात. तक्ता बाजूला ठेवा, शब्दयोगीसकट तुकडा उचला: 'दो प्राही' प्रागला, 'फ प्राझे' प्रागमध्ये, 'स प्राही' प्रागहून. आधी द्वितीया, मग षष्ठी, मग सप्तमी. एवढ्यावर रोजचं बरंचसं बोलणं निघतं. चतुर्थी-तृतीया नंतर. शंका आली तर चेक भाषासंस्थेच्या 'इंटर्नेतोवा याझिकोवा प्रशीरुच्का'मध्ये नाम टाका, सगळी रूपं समोर येतात. डॅनिशच्या घशातल्या झटक्याचा असा तक्ता कुठे मिळतो ते उत्तरायण यांनी सांगावं.

उत्तरायण
त्याच शब्दकोशात. उच्चाराच्या कंसात वर चढवलेली छोटी खूण असते, तोच झटका. आणि तो राहिला तरी वाक्याच्या ओघात 'ती' आणि 'कुत्रा' यांत कोणाचा गोंधळ होत नाही. तुमची षष्ठी चुकली की मात्र ती लगेच कानाला खटकते.