केसाँगचं कुलूप दोघांच्याही हातात होतं

अटारीजवळ भारत-पाकिस्तानचं संयुक्त औद्योगिक क्षेत्र काढलं की दोघांनाही भांडण परवडणार नाही, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. उत्तर कोरियातलं केसाँग, म्हणजे दोन्ही कोरियांचं असंच संयुक्त औद्योगिक क्षेत्र बघा. २००४ च्या अखेरीस तिथे उत्पादन सुरू झालं. पुढे दक्षिणेच्या १२० च्या आसपास कंपन्या आणि उत्तरेचे ५० हजारांवर कामगार. पगार मात्र कामगारांच्या हातात पडत नसे, तो डॉलरमध्ये उत्तरेच्या सरकारकडे जायचा. २०१३ मध्ये उत्तरेने कामगार काढून घेतले आणि दक्षिणेची माणसं गाड्यांच्या टपांवर माल बांधून परतली. त्याच वर्षी राजकारण आड येऊ देणार नाही असा लेखी करार झाला, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तरेच्या अणुचाचणी आणि रॉकेटनंतर दक्षिणेनेच ते बंद केलं.

आम्हा गोंयकारांना यात नवल नाही. १९५५ मध्ये पोर्तुगीज गोवा आणि भारत यांच्यातली रेल्वे थांबली. कितीतरी घरांतली कमावती माणसं मुंबईत होती, तरी थांबलीच.

क्षेत्राला माझा विरोध नाही. पण ते बंद पडलं तर छोट्या कारखानदारांना भरपाई कोण देणार आणि कामगाराचा पगार थेट त्याच्या खात्यात जाणार का, हे आधी लिहून घ्यायला हवं.