घर विकलं, गाव सोडलं, मागे येणाऱ्या टपालाचं काय केलंत? अनुभव लिहा

जळगावच्या मेहरूणमधलं आई-वडिलांचं घर आम्ही विकतोय. साठेखत झालंय, दिवाळीनंतर ताबा द्यायचा आणि दोघं पुण्याला आमच्याकडे राहायला येणार. सामान टेम्पोत भरता येईल. पण त्या पत्त्यावर वर्षानुवर्षं येत आलेले कागद? पेन्शनची पत्रं, एलआयसी, बँक, आईच्या नावावरच्या शेताच्या नोटिसा. पोस्टात विचारलं तेव्हा कळलं, की जुन्या पत्त्यावर ज्या पोस्टातून बटवडा होतो तिथेच टपाल वळवण्याचा लेखी अर्ज द्यायचा, आणि ही सोय ठरावीक मुदतीपुरतीच असते. खान्देशातून बाहेर गेलेल्यांनी आणि इथल्या इथे घर बदललेल्यांनी आपापला अनुभव जरूर लिहा. जळगावात घर विकून मुलांकडे जाणारे आई-वडील आता गल्लोगल्ली आहेत, सगळ्यांनाच उपयोग होईल.

देवपूर, धुळे (आता नाशिक)

अर्जात घरातल्या प्रत्येकाचं नाव घालून सही घ्या. आम्ही माझं, सौ.चं आणि मुलाचं नाव लिहिलं, नवा पत्ता पिनकोडसकट, खाली मोबाइल नंबर. ओळखपत्राची झेरॉक्स जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. नंतर आमच्या बीटच्या पोस्टमनदादांना प्रत्यक्ष भेटलो. अर्ज दप्तरात असतो, पत्र मात्र त्यांच्या हातात येतं. साधी पत्रं, मासिकं व्यवस्थित नाशिकला आली.

पण खाजगी कुरिअरला पोस्टातला अर्ज लागू नाही, हे ध्यानात ठेवा. ते पाकीट थेट जुन्या दारात जातं. चेकबुक आणि कार्डांच्या पाकिटांवर तर पुष्कळदा ‘वळवू नये, परत पाठवावे’ असं छापलेलंच असतं. तिथे बँकेत पत्ता बदलणं हाच मार्ग.

पारोळा तालुका (सध्या सुरत)

हा विषय काढलात फार बरं केलंत. आमचं गावातलं धाब्याचं घर विकलं, शेत ठेवलं. सुरतला गेलेल्या निम्म्या खान्देशाची हीच गोष्ट आहे. घर घेणारे नाना आमच्या गल्लीतलेच.

एके दिवशी नानांनी वडिलांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि लगेच फोन केला, “जिभाऊ, तुमना कागद उना शे.” फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची नोटीस होती, नमुना ९. सामाईक गटातला हिस्सा भाऊबंदांपैकी एकाने विकला होता आणि कागदावर क्षेत्र लागलं होतं त्याच्या वाट्यापेक्षा जास्त. अशा नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. वडील सुरत-भुसावळ गाडीने अमळनेरला उतरले, तिथून गावी. लेखी हरकत दिली आणि पोच खिशात घालूनच परतले. नोंद वादग्रस्त म्हणून मंडळ अधिकाऱ्यांपुढे चालली, मोजणीचे जुने कागद दाखवले, क्षेत्र दुरुस्त झालं. नानांनी तो कागद ‘देऊ कधीतरी’ म्हणून देवळीत ठेवला असता तर आज आम्ही प्रांताकडे अपिलाच्या तारखा करत असतो.

त्यानंतर वडिलांनी तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सुरतचा पत्ता आणि नंबर अर्जाने कळवला. मी स्वतः महाभूमी या सरकारी संकेतस्थळाच्या ‘आपली चावडी’वर आमच्या गावच्या फेरफार नोटिसा अधूनमधून बघतो. गाव निवडलं की चालू नोंदी दिसतात. ताई, आईंच्या नावावर शेत आहे म्हणताय, तर एवढं कराच. पोस्टातल्या अर्जाच्याही आधी.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

आमचं घर विकायचा प्रश्न नव्हता, रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं. क्वार्टरच्या पत्त्यात अडचण अशी, की लाइन तीच, नंबर तोच, माणूस मात्र बदलतो. मागून आलेल्या कुटुंबाला नवा पत्ता छापलेली चिकटपट्टी देऊन ठेवली होती. पाकीट न फोडता जुना पत्ता खोडायचा, पट्टी चिकटवायची, पेटीत टाकायचं. त्यांनी मनापासून केलं.

चाळीसगाव

वडिलांच्या नावावर कागदी शेअर होते. घर विकल्यावर पत्ता बदलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण ते कागद कपाटात असतात. लाभांश ७ वर्षं सलग घेतला नाही, तर तो आणि त्यावरचे शेअरही सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. परत मिळतात, पण अर्ज, वारसाचे दाखले, कंपनीची पडताळणी… फार दमवणूक. ज्यांच्या नावावर शेअर आहेत त्यांच्या हयातीतच कंपनीच्या रजिस्ट्रारकडे आयएसआर-१ फॉर्म भरून पत्ता, पॅन, बँक खातं नोंदवून घ्या.

नंदुरबार

मी विकत घेणारी. आम्ही घेतलेल्या घराच्या जुन्या मालकांची पत्रं अजून येतात. बँकेचं पाकीट मी फोन करून कळवते. एकदा मात्र लग्नपत्रिका आली, कोपऱ्यांना हळद लावलेली, वर बॉलपेनने ‘आत्याबाईंना आग्रहाचे’. लग्न चार दिवसांवर. पाकीट उघडंच होतं, म्हणून पत्रिकेवरच्या नंबरवर फोन केला, त्यांना आत्याबाईंचा नवा नंबर दिला. त्या लग्नाला गेल्या आणि येताना माझ्यासाठी बुंदीचा पुडा घेऊन आल्या. खरेदीखताच्या दिवशी दोन्ही घरांनी एकमेकांचे नंबर घ्यावेत, अगदी बायकाबायकांनीसुद्धा, असं मला फार वाटतं.

शिरपूर भागातला डाकसेवक

आमच्या बाजूनं थोडं सांगतो. पासपोर्ट आम्ही वळवत नाही, ज्याचा त्याला, त्याच पत्त्यावर. म्हणून घर बदलायच्या बेतात असाल तर पासपोर्टचा अर्ज नव्या पत्त्यावरूनच करा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस आता स्पीड पोस्टाने येईल. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘स्थलांतरित’ शेरा मारून परत गेली, तरी ती बजावली असं कोर्ट धरू शकतं. ज्यांचे खटले चालू आहेत त्यांनी वकिलाला नवा पत्ता आधी द्यावा.

धागाकर्ती

डाकसेवकदादा, मनापासून आभार. आईच्या गटाची नोंद आजच ‘आपली चावडी’वर बघितली, सध्या काही चालू नाही. शेअरचं बाबांना विचारलं तर ते कपाटाकडे बघत म्हणाले, “आहेत की!” उद्या फाईल काढतेय. अजून एक विचारायचं होतं: मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरायचा हे कळलं, पण दोघांचंही मत जळगावात राहावं असं त्यांना वाटतंय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर लिहा.