मदत हवी आहे: पीसीए लावूनही लॅम्बडा खाली येत नाही

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, एमएस्सी संख्याशास्त्र, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला जनुकं आणि मधुमेह असा विषय घेतलाय. घरात आजी, आई, मामा सगळे गोळीवाले, म्हणून हौस.

खऱ्या रुग्णांचा डेटा माझ्यापर्यंत कुठून येणार? म्हणून १००० जीनोम्स या खुल्या जनुकीय डेटाच्या प्रकल्पातले दक्षिण आशियाई ४८९ नमुने घेतले आणि ‘आजार’ कोडने स्वतःच तयार केला. त्यात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत, मराठी गट मात्र नाही. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली शेजाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, बघ, आम्ही आहोत!

घोळ इथे आहे. तेलुगू गटात आजाराचं प्रमाण मी मुद्दाम जास्त ठेवलं, गटांतल्या फरकामुळे खोटे संबंध कसे दिसतात ते बघायला. प्लिंक या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जनुकीय फरकाचा आजाराशी संबंध नुसता तपासला तर लॅम्बडा (निकाल किती फुगलेत याचं माप, १ च्या जवळ हवं) १.४. पहिले १० पीसी (पीसीएने काढलेले, गटांतला जनुकीय फरक दाखवणारे मुख्य घटक) कोव्हेरिएट म्हणून, म्हणजे मॉडेलमध्ये जादा चल म्हणून घातले तरी १.२ च्या खाली उतरेना. क्यूक्यू प्लॉटची (अपेक्षित आणि मिळालेल्या पी-व्हॅल्यूंची तुलना करणारा आलेख) शेपटी सोडा, रेघ सुरुवातीपासूनच वर सुटते.

पीसीए काढताना एलडी प्रूनिंग (एकमेकांशी जोडलेले जनुकीय फरक गाळणं) केलं नव्हतं, हे काल रात्री लक्षात आलं. तिथेच माती खाल्ली का? की सरळ मिक्स्ड मॉडेलकडे (नमुन्यांमधलं जनुकीय नातंही धरणारी पद्धत) जाऊ? ४८९ नमुन्यांत ५ × १०⁻⁸ ही पी-व्हॅल्यूची नेहमीची मर्यादा गाठणं अवघड, ते कळतंय. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, एवढं धरून सांगा. सरांना सोमवारी दाखवायचंय.