नॉयश्वानस्टाईन, आई आणि साडेदहाचं तिकीट – तातडीने मदत हवी आहे

सांजवेळ
शनिवारी नॉयश्वानस्टाईनला, जर्मनीत बव्हेरियातल्या लुडविग राजाच्या डोंगरावरच्या वाड्याला जायचंय. दुपारची तिकिटं काल दिसत होती, आज फक्त सकाळी साडेदहाचं उरलंय. घेऊ का? घोडागाडी थेट दारापर्यंत जाते ना? आईला लुडविग राजाचा इतिहास नीट समजून घ्यायचाय, नुसते फोटो नकोत. गूगल करून झालंय, तेवढं सुचवू नका. आज रात्रीपर्यंत ठरवायचंय.

वाटसरू
निघणार कुठून? किती जण? शनिवार हाच की पुढचा? आईंना चढ झेपतो का?

सांजवेळ
म्युनिकहूनच. दोघीच. हाच शनिवार. गुडघे दुखतात म्हणून तर घोडागाडीचं विचारलं!

चहाबाज
शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. आईंचा आधी काढून घ्या, ज्येष्ठांचे अर्ज नीट तपासतात.

सांजवेळ
आई येऊन पोचलीये हो. तिकिटाचं सांगा कुणीतरी.

इसारकाठ
म्युनिक ते फ्यूसेन रेल्वेने दोन तास, पुढे होहेनश्वांगाऊ गावापर्यंत बस, मग चढ. साडेदहाचं घ्यायचं तर अगदी पहाटेची गाडी धरा. शनिवारी बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या रेल्वेचं दिवसभराचं तिकीट) नऊच्या आधीही चालतं, तो प्रश्न नाही. पण तिकिटावरची वेळ चुकली की आत सोडत नाहीत. घोडागाडी दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच. गावातून वर जाणारी बस मारीएनब्रूक पुलाजवळ सोडते, तिथून दहा-पंधरा मिनिटं उतार, आणि दुखऱ्या गुडघ्यांना उतार जास्त छळतो. आत चढायच्या-उतरायच्या मिळून तीनशेहून जास्त पायऱ्या, त्याही गटाच्या वेगाने.

हिरवाई
मी तर म्हणेन लिंडरहोफला जा! लुडविगने बांधलेल्या राजवाड्यांपैकी त्याच्या हयातीत पूर्ण झालेला हा एकच. छोटा आहे. राजाला जेवताना नोकर समोर नको असत, म्हणून मांडलेलं टेबल खालच्या मजल्यावरून यंत्राने वर यायचं. माझ्या सासूबाई तिथे रमल्या होत्या.

इसारकाठ
लिंडरहोफसाठी मुरनाऊला रेल्वे बदला, ओबरामरगाऊला उतरा, पुन्हा बस. कार हाताशी असेल तर लिंडरहोफ उत्तम, या दोघींना नाही.

हिरवाई
आम्हीही रेल्वेनेच गेलो होतो, काही अडलं नाही.

दुर्गवेडा
जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात आपले बारा किल्ले आणि लुडविगचे राजवाडे दोन्ही जागतिक वारशात गेले. राजगड, साल्हेर लढलेले किल्ले आहेत. इथे कुठली लढाई झाली? आईंना आधी रायगड दाखवा, आता रोपवेही आहे.

जुनीपाने
लढाई नाही, हाच तर इथला इतिहास आहे. लुडविग १८६४मध्ये अठराव्या वर्षी बव्हेरियाचा राजा झाला. १८६६मध्ये ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढून बव्हेरिया हरला आणि युद्धकाळात सैन्याची सूत्रं प्रशियाकडे द्यायचं कबूल करावं लागलं. खरी सत्ता हातून गेली, तेव्हा १८६९मध्ये नॉयश्वानस्टाईनचं बांधकाम सुरू केलं. आराखड्याची चित्रं क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराची. पैसा सरकारी तिजोरीतला नव्हता, स्वतःचा आणि कर्जाचा होता. कर्ज डोईजड झाल्यावर जून १८८६मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. गुडेन यांच्या अहवालावरून त्याला वेडा ठरवलं, तेही प्रत्यक्ष न तपासता. याच वाड्यातून धरून नेलं आणि १३ जूनला राजा आणि डॉक्टर दोघेही श्टार्नबेर्ग तळ्यात मृत सापडले. कसे मेले यावर अजून वाद आहे. सात आठवड्यांत वाडा तिकीट लावून लोकांना खुला केला. सिंहासनाच्या दालनात सिंहासन कधी बसलंच नाही, आईंना ते जरूर दाखवा.

दुर्गवेडा
माहिती चांगली आहे, पण रायगडाबद्दलचं मत कायम.

सांजवेळ
जुनीपाने, हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते एवढं अर्ध्या तासाच्या फेरीत कोण सांगणार?

इसारकाठ
कुणी नाही. म्हणून साडेदहाचं सोडा. खाली होहेनश्वांगाऊ गावात तळ्याकाठी बव्हेरियन राजांचं संग्रहालय आहे, ११८० ते १९१८ राज्य केलेल्या विटल्सबाख घराण्याचं. चढ नाही, गटाची घाई नाही. मग घोडागाडीने जुन्या होहेनश्वांगाऊ वाड्यावर जा. लुडविगचं बालपण तिथलं, नव्या वाड्याचं बांधकाम तो तिथूनच दुर्बिणीने बघायचा. तिथेही वेळेचं तिकीट लागतं, पायऱ्या आहेत, पण वर जायची वाट छोटी आहे.

सांजवेळ
होहेनश्वांगाऊचं दुपारी दोनचं मिळालं, घेतलं! संग्रहालयात बसायला बाकं आहेत का, आणि परतीची बस फ्यूसेनला किती वाजेपर्यंत असते?